पाच हातांची धार

दाढीचं मशीन ताईनं आणलं होतं, पण ते आणवणारा थोरला होता, हे त्याच्या बायकोला, वहिनीला, खोका बघताक्षणीच कळलं. ताई माहेरी येताना नेहमी घाईघाईत काहीतरी उचलून आणायची: बिस्किटं, मोजे, एकदा तर घरात आधीच असलेलं भिंतीवरचं घड्याळ. हा खोका मात्र विचार करून आणलेला होता. आत चार्जर होता, छोटा ब्रश होता, आणि ताईच्या चेहऱ्यावर, मुलाला सुई टोचायला नेताना आयांच्या चेहऱ्यावर असतो तो गोडवा होता.

दुकान आता थोरला चालवायचा, आणि आज सुट्टी होती. शटर अर्धं ओढलेलं. वर चांगलं ऐसपैस घर असूनही सगळी भावंडं खाली सलूनमध्येच जमली होती, कारण अण्णा, त्यांचे वडील, खाली होते. खिडकीजवळच्या खुर्चीत, सगळ्यांकडे पाठ करून, आरशाकडे तोंड करून ते बसले होते. जबड्याखाली चिकटपट्टी आणि तिच्या भोवताली पांढरे खुंट. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे गाल गुळगुळीत केले, तो स्वतःच्या दुकानात दाढी वाढवून बसला होता.

मागच्या आठवड्यात सकाळची दाढी करताना अण्णांचा वस्तरा जबड्याखाली लागला. साधं खरचटणं नव्हतं, बनियन भिजला. त्याच सकाळी थोरल्यानं वस्तरा भिंतीतल्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. अण्णा भांडले असते तर बरं झालं असतं. ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून त्यांनी दाढी केली नव्हती, आणि विचारल्याशिवाय बोलतही नव्हते.

"कुणी सुरुवात करणार आहे, की चहा नुसता निववायचा?" वहिनी म्हणाली.

"सुरुवात कसली?" थोरला म्हणाला. "उद्यापासून अण्णा हे मशीन वापरतील. बटण दाबायचं, फिरवायचं. कापायची भीती नाही. संपलं."

"कुणी ठरवलं?" हे धाकट्यानं विचारलं. तो शटरच्या खांबाला टेकून उभा होता. सुतारकामाची सुट्टी असली तरी त्याच्या केसात भुसा होताच.

"ज्यानं रक्त पुसलं त्यानं."

रक्त खरं तर वहिनीनं पुसलं होतं. थोरला तेव्हा टॉवेल शोधत होता, आणि टॉवेल त्याच्या खांद्यावर होता. पण ही गोष्ट काढायची ही वेळ नव्हती. वहिनीनं कप भरले आणि पहिला अण्णांच्या हाताशी ठेवला. त्यांनी आरशातूनच तिच्याकडे बघून मान हलवली. तिला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. का देता आली नाही, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ताईनं मशीन हातात घेतलं आणि ती अण्णांच्या खुर्चीशी स्टूल ओढून बसली.

"अण्णा, एकदा बघा तरी. माझ्या शाळेतले सगळे सर हेच वापरतात. अगदी हलकं आहे." तिनं बटण दाबलं. मशीन गुणगुणायला लागलं.

अण्णांनी मान वळवली नाही. "माशी शिरलीय वाटतं घरात," ते म्हणाले.

धाकटा फिसकन हसला. थोरल्यानं त्याच्याकडे रागानं बघितलं. ताईनं बटण बंद केलं, आणि मग दुकानात जी शांतता झाली, तिनं ताईला भलतीकडेच नेलं.

ती ज्या घरात वाढली, त्या घराची सकाळ एका आवाजानं व्हायची. खाली अण्णा धार लावायचा पट्टा खिळ्याला अडकवायचे, दुसरं टोक डाव्या मुठीत ताणून धरायचे आणि वस्तरा ओढायचे. जाताना सपक, येताना सपक. आधी कॅनव्हासच्या बाजूनं जरा खरखरीत, मग चामड्याच्या बाजूनं मऊ. त्या मऊ आवाजापर्यंत झोपायची परवानगी असे. तो थांबला की आई पांघरूण ओढायची. लग्न होऊन सासरी गेल्यावर पहिले कित्येक दिवस ताई उशिरा उठत होती, आणि सासूबाईंना वाटलं, मुलगी आळशी आहे. आपल्याला उठवणारा आवाजच इथे नाही, हे तिनं कुणाला सांगावं?

आज सकाळी ती माहेरी जागी झाली ती उन्हानं. खाली काहीच वाजलं नव्हतं. आणि तो आवाज कायमचा बंद करायला आपणच खोका घेऊन आलो आहोत, हे तिच्या आता ध्यानात आलं.

"दादा," ती म्हणाली, "वस्तरा कुठेय? मला बघू दे."

"बघून काय करणार?"

"मलाही बघायचाय," धाकटा म्हणाला. "कापलं ते हातामुळे की वस्तऱ्यामुळे, हे कुणी पाहिलं का? सरळ कुलूपच."

"तू सुतार आहेस. तुला त्यातलं काय कळतं?"

"धारेतलं कळतं."

"दे रे त्याला किल्ली," ताई म्हणाली.

थोरल्यानं तिच्याकडे बघितलं. परवा फोनवर 'तू म्हणतोस तेच बरोबर' असं म्हणणारी बहीण हीच का, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यानं किल्ली काढली आणि काउंटरवर आपटली.

धाकट्यानं कुलूप काढून वस्तरा बाहेर घेतला, उघडला आणि खिडकीशी नेला. मूठ पिवळट पडलेली, पातं अरुंद झालेलं. इतकी वर्षं दगडावर झिजून झिजून उरलं होतं तेवढं. त्यानं धार वर केली आणि उजेडाकडे धरून तिच्याकडे सरळ समोरून बघितलं. पटाशी असो, रंध्याचं पातं असो, तो हेच करायचा. चांगल्या धारेकडे समोरून बघितलं तर काही दिसत नाही, कारण तिथे उजेड टेकायला जागाच नसते. इथे एक पांढरी रेघ चमकत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये एके ठिकाणी तर बारीकसा खळगा होता.

"सांगत नव्हतो?" तो वळून म्हणाला. "हाताचा काही दोष नाही. वस्तऱ्याला धारच नाही. याच्यानं दाढी नाही होणार, फक्त ओरखडे निघतील. अण्णांनी जोर दिला असणार, म्हणून लागलं."

तो जिंकल्यासारखा सगळ्यांकडे बघत होता. थोरला शांतपणे म्हणाला, "बरं. आणि या वस्तऱ्याला रोज धार कोण लावतं?"

धाकट्यानं वस्तरा खाली घेतला.

"अण्णाच ना? त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. आई असतानाही कुणी लावत नव्हतं. मग धार गेली म्हणजे काय गेलं, तूच सांग."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. आरशात अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. धाकट्याला वाटलं, आपण बापाला सोडवायला गेलो आणि त्याच्या गळ्यातला फास आणखी आवळला. हात थरथरतो हे म्हातारपण झालं, ते कुणालाही येतं. पण ज्यानं या गल्लीतल्या तीन न्हाव्यांना धार लावायला शिकवलं, त्याला स्वतःच्या वस्तऱ्याला धार लावता येईना, हे त्याच्या तोंडावर त्याच्या मुलांनी म्हणावं!

काहीतरी बोलायचं म्हणून धाकट्यानं खिळ्यावरचा पट्टा हातात घेतला. चामड्याची बाजू वर केली. चामड्यावर, उजेडात धरल्यावरच दिसेल असा, हिरवट डाग होता. तो हिरवा रंग त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या कामाच्या पेटीत त्याच रंगाची पॉलिशची वडी होती.

त्यानं पट्टा हळूच उलटा केला.

"मी लावत होते," वहिनी म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की थोरल्यानं "काय?" म्हणून विचारलं.

"वस्तऱ्याला हात. मी लावत होते. सकाळी, अण्णा खाली यायच्या आधी." रिकाम्या कपांचा ट्रे अजून तिच्या हातातच होता. "एके दिवशी पाहिलं, ते पट्टा ओढता ओढता मध्येच थांबत होते. दमल्यासारखे. मला वाटलं, आपण आधीच थोडी धार करून ठेवावी. त्यांना थोडंच करावं लागेल. मला माहीत आहे, त्याला हात लावायचा नसतो. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. पण मी लावला. अण्णा, धार माझ्यामुळे गेली. तुमच्यामुळे नाही."

थोरला बायकोकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. आलं ते भलतंच.

"तू सकाळी करत होतीस?" तो म्हणाला. "अगं, मग मी काय करत होतो?"

"तुम्ही काय करत होता?"

"त्यांची दाढी झाली की ते वर चहाला येतात. तेवढ्यात मी पट्ट्यावर ओढून ठेवायचो. उद्याचे कष्ट वाचावेत म्हणून."

"रोज?"

"रोज."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू मला सांगितलंस?"

आता धाकट्याला राहवेना. त्यानं पट्टा पुन्हा सुलटा केला आणि हिरवा डाग सगळ्यांपुढे धरला. "हे माझं आहे," तो म्हणाला. "पॉलिशची वडी. पटाशीला लावतो. सुट्टीच्या दिवशी इथे यायचो तेव्हा घासून जायचो. चांगली दाबून. मला वाटलं, आठवडाभर पुरेल."

तिघांनीही एकदमच ताईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? मी तर इथे राहतही नाही." तिनं मशीन मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "मागच्या खेपेला चामडं फार कोरडं वाटलं. म्हणून जरा तेल लावलं."

"कसलं तेल?"

"डोक्याचं. सुवासिक."

अण्णा सगळं आरशात बघत होते.

आरशातून माणसं बघायची त्यांना जन्माची सवय. समोर बघणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, आणि तो खरा चेहरा दाखवतो. आज त्यांना आपल्या मुलांचे चेहरे दिसत होते. शाळेतून तक्रार घेऊन आल्यावर ही तिघं अशीच ओळीनं उभी राहायची. आता ओळीत सूनही होती.

गेले कित्येक दिवस अण्णांना एकच भीती खात होती. ती मरणाची नव्हती. एका सकाळी वस्तरा गालावर ओढला आणि तो अडखळला. त्यांनी पुन्हा पट्ट्यावर घेतला. पुन्हा अडखळला. त्यांना वाटलं, आपली बोटं मेली. धार लागली की नाही हे अंगठ्याला कळायचं, ते कळेनासं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्त वेळ ओढला, तिसऱ्या दिवशी जोरानं. ओढायचे आणि मध्येच थांबायचे, कारण त्यांना स्वतःवर विश्वास वाटत नव्हता. कुणाला विचारणार? आयुष्यभर लोक त्यांना विचारत आले होते.

आणि इथे ही चार माणसं, एकाच्या चोरून दुसरा, त्यांच्या वस्तऱ्याच्या मागे लागली होती.

हसू आधी त्यांच्या खांद्यांना आलं. ताईला वाटलं ते रडताहेत, ती घाबरून उठली. मग अण्णांनी खुर्ची गर्रकन वळवली, आणि त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी येत होतं, पण तोंड हसत होतं. त्या दोन्हींत फार फरक त्यांनाही करता आला नसता.

"सुवासिक?" ते म्हणाले. "तरीच. मला वाटायचं, हा वास कुठून येतो. म्हटलं नाकही गेलं की काय."

"अण्णा, चुकलं," वहिनी म्हणाली.

"थांब. तो कंगवा घे. घे घे. वस्तरा समज. कशी ओढायचीस, दाखव मला."

वहिनीनं कंगवा घेतला. पट्ट्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि कंगवा वरखाली फिरवला. पट्टा झोळीसारखा लोंबत होता.

"ताणत का नाहीस?"

"ताणला की खिळ्यावर कडी वाजते. तुम्ही जागे झाला असता."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "लोंबत्या पट्ट्यावर ओढलं की चामडं धारेला वळसा घालतं," ते म्हणाले. "धार गोल होते. पट्टा तारेसारखा ताठ हवा. आणि वळवताना तू धारेवर वळवतेस. वळवायचं ते पात्याच्या पाठीवर. पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही, पातं नुसतं कुशीवर वळतं. तो खळगा तुझा बरं का."

"हो."

"आणि तू." त्यांनी थोरल्याकडे मोर्चा वळवला. "तुला तर मी शिकवलंय. दाढी झाल्यावर वस्तरा पट्ट्यावर घ्यायचा असतो?"

"नाही."

"मग?"

"मला ते तुमचं खूळ वाटायचं," थोरला खरं बोलला. "धार दमते, तिला निजू द्यावं, वगैरे."

"नुकती दाढी केलेली धार गरम असते, ओली असते, बारीक बारीक वाकलेली असते. तेव्हा पुसायचं, कोरडं करायचं आणि मिटून ठेवायचं. रात्रभरात ती आपली आपण सरळ होते. माझे गुरू असंच सांगायचे. खरं असेल, खोटं असेल. पण ओली धार चामड्यावर ओढू नये, हे तर खरं? पाजवायचं ते दुसऱ्या दिवशी, तोंडाला साबण लावायच्या आधी. दगड कधीमधी, पट्टा रोज. आधी कॅनव्हास, मग चामडं, आणि वजन फक्त वस्तऱ्याचं, आपलं नाही."

"माझं वजन पडलं," धाकटा म्हणाला.

"तुझं तर पडणारच. तू दरवाजे करतोस." अण्णांनी डोळे पुसले. "आणि चौघांना कशाला बोलू? पाचवा हात माझा. वस्तरा बिघडला म्हणून मी आणखी दाबला. तुम्ही चोरून करत होता, मी लाजून करत होतो. कुणीतरी एक जरी बोललं असतं, तर हा जबडा वाचला असता."

ताईनं मशीन खोक्यात घातलं आणि खोका बाकाखाली सरकवला. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

यानंतर दुकानात जे चाललं, त्याला कुणी सुट्टी म्हणालं नसतं. अण्णांनी बाह्या वर केल्या. खणातून धारेचा दगड निघाला. वहिनीनं कोमट पाणी आणलं. अण्णांनी दगडावर साबणाचा फेस पसरला आणि वस्तरा आडवा टेकवला. इथे धार पुढे चालते, पट्ट्यावर मागे. चारही जण लहान मुलांसारखे वाकून बघत होते आणि ते सांगत होते. खळगा जाईपर्यंत त्यांनी घाई केली नाही. मग पट्ट्याची कॅनव्हासची बाजू घेतली. ती स्वच्छ होती, कारण आधी कॅनव्हास लागतो हे वहिनीला ठाऊकच नव्हतं, ताईनं आणि धाकट्यानं त्याचा विचार केला नव्हता, आणि थोरल्यानं कंटाळा केला होता.

"चामडं तर गेलं," धाकटा म्हणाला. "मी नवं आणतो."

"आण. तोपर्यंत हे आहे." अण्णांनी डावा तळहात पसरला आणि वस्तरा त्याच्या मऊ मांसल भागावरून अलगद ओढला. पाठ पुढे, धार मागे. जाताना, येताना. ताईनं श्वास रोखला. पण त्या हातांत कसलीच चलबिचल नव्हती. तळहातावर साधी रेघसुद्धा उमटली नाही.

त्यांनी मनगटावरच्या एका केसाला धार टेकवली. केस गेला. धाकट्यानं वस्तरा उजेडाकडे धरून समोरून बघितलं आणि तो वडिलांना परत दिला.

"काही दिसत नाही," तो म्हणाला. सगळ्यांचे चेहरे फुलले. वहिनीनं पदरानं डोळे टिपले आणि ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आता सगळं मिटलं, असं त्या दोघींना वाटत होतं.

थोरल्याला तसं वाटत नव्हतं.

तो काउंटरपाशी मागेच उभा होता. सगळे हसत होते तेव्हा तोही हसला होता. वस्तऱ्याची धार गेली होती, हे खरं. पण त्यानं कुलूप धारेसाठी लावलं नव्हतं. आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एकदा, दुकान झाडता झाडता, त्यानं आरशात पाहिलं होतं: अण्णांनी वस्तरा गालाशी नेला आणि पातं हवेत थरथरलं. तेव्हापासून तो रोज सकाळी काही ना काही निमित्त काढून खाली थांबायचा. वर्तमानपत्र, बिल, गळका नळ. रोज त्याला वाटायचं, आज होणार. आणि मागच्या आठवड्यात झालं. भावंडांना तो हुकूमशहा वाटला असेल तर वाटो. बापाला जमिनीवर पडलेला बघण्यापेक्षा त्याच्या रागात राहणं त्याला परवडत होतं.

अण्णांनी स्वतःच ब्रशनं फेस केला, तोंडाला लावला, चिकटपट्टीच्या कडेनं सांभाळून. मान तिरकी केली. डाव्या हातानं कानाजवळची कातडी वर ओढली. वस्तरा उचलला.

पातं हवेत थरथरलं.

त्यांनी हात खाली घेतला, मूठ बदलली, पुन्हा नेला. पुन्हा तेच. फेसाचा एक थेंब त्यांच्या हनुवटीवरून घरंगळला. अण्णांनी आरशात थोरल्याला शोधलं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"बोलला का नाहीस?"

"काय बोलणार, अण्णा? तुमचा हात कापतो, हे मी तुम्हाला सांगू?"

अण्णांनी हाताकडे बघितलं. त्यांनी मनगट खुर्चीच्या हातावर टेकवलं, आणि थरथर थांबली. उचललं, पुन्हा सुरू झाली. असं त्यांनी पुन्हा करून पाहिलं, नवं अवजार तपासावं तसं, आणि त्यांच्या तोंडावरचा ताण हळूहळू उतरला.

"टेकायला काही असलं की कापत नाही," ते म्हणाले. "दगडावर नाही, पट्ट्यावर नाही, तळहातावर नाही. नुसता हवेत धरला की होतं." मग त्यांनी वस्तरा उलटा केला आणि मूठ मुलाच्या दिशेनं पुढे केली. "घे."

"मला नाही जमणार."

"मग दिवसभर इथे काय करतोस?"

"ते ब्लेडचं काम. वापरलं की टाकून द्यायचं. आणि ते लोक असतात, अण्णा."

"आणि मी कोण आहे?"

धाकटा हसला, पण लगेच गप्प झाला, कारण दादाचे डोळे भरून आले होते. थोरल्यानं आयुष्यात हजारो गालांवर हात फिरवला होता. बापाच्या गालाला त्यानं कधी हात लावला नव्हता. लहानपणी लावला असेल. ते आठवत नव्हतं.

त्यानं हात धुतले. वस्तरा घेतला. अण्णांच्या गळ्याभोवती फडकं बांधलं, खुर्ची मागे कलती केली, आणि त्यांनी मान मागे टाकली. इतकी वर्षं या दुकानात काढून त्यांनी हे छत असं निवांत पडून कधी पाहिलं नव्हतं.

"कोळिष्टकं आहेत रे वर," ते म्हणाले.

"काढतो. आता बोलू नका."

त्यानं बोटांनी कातडी ताणली. ती पातळ होती, मऊ होती, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा उबदार होती. वस्तरा टेकवला आणि ओढला. खुंट कापले जाताना बारीक आवाज झाला. पातं कुठेच अडखळलं नाही. ते आपण चालवत नाही, ते चाललं आहे आणि आपण नुसते सोबत आहोत, असं त्याला वाटलं. धार कशाला म्हणतात हे तो विसरूनच गेला होता.

"थोडा कलता धर," अण्णा ओठ न हलवता म्हणाले. "हां. असा."

त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही. जबड्याखाली, जखमेच्या भोवताली थोरल्यानं इतकं हळू काम केलं की ताईनं दोनदा दुसरीकडे तोंड फिरवलं. वहिनीनं गरम टॉवेल पिळून दिला. थोरल्यानं तो दोन्ही हातांनी बापाच्या तोंडावर दाबून धरला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ तसाच धरून ठेवला.

टॉवेल निघाला तेव्हा अण्णांनी स्वतःचा गाल चाचपला. अंगठा उलट्या दिशेनं फिरवला. सगळे वाट बघत होते.

"गिऱ्हाइकं टिकतील तुझी," ते म्हणाले.

थोरल्यानं वस्तरा पुसला, कोरडा केला आणि मिटला. "कुठे ठेवू?"

"माझ्याजवळ दे." अण्णांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला. "उद्या सकाळी मी धार लावून ठेवीन. तू दुकान उघडायच्या आधी खाली ये. उशीर करायचा नाही. धार लागली की तिला ताटकळत ठेवत नाहीत."

"येईन."

"आणि परवाही."

"रोज यायचं?" थोरल्यानं विचारलं.

"दाढी रोजच वाढते," अण्णा म्हणाले.

थोरल्यानं मान हलवली, आणि वडिलांच्या गळ्याभोवतीचं फडकं सोडवायला तो खाली वाकला.